पहिल्या साठ बाटल्या

१

तीन बायकांचे केस गळतात यात काहीतरी काळंबेरं आहे, हे पहिल्यांदा ओळखलं ते केस कापणाऱ्या बाईंनी. डॉक्टरांनी नाही, आणि मी तर नाहीच.

माझी भाची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर या बाईंचं दुकान. एका सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन वर गेल्या आणि ती भाचीच्या टेबलावर पालथी केली. गोळ्यांच्या तीन बाटल्या गडगडत बाहेर आल्या.

"एकाच रस्त्यावरच्या तिघी आहेत," बाई म्हणाल्या. "फणी फिरवली की पुंजका हातात येतो. नखांवर पांढऱ्या रेघा, कडा तुटलेल्या. आणि तिघींच्या तोंडाला लसणाचा वास. त्यातली एक तर लसणाला शिवतसुद्धा नाही. केस कापताना माणसाच्या किती जवळ उभं राहावं लागतं, तुम्हाला माहीत आहेच."

"आणि या बाटल्या?"

"केस आणि नखं चांगली राहावीत म्हणून घेतात. गळायला लागले तशा एकीने एकाच्या दोन केल्या. आणखी गळायला लागले, मग तीन."

भाचीने मला फोन केला. "मामा, झोपला होतास का?"

"नाही, वाचत होतो."

"म्हणजे झोपलाच होतास. ये लवकर."

मी सरकारी तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. पदार्थात काय आहे आणि किती आहे, एवढंच सांगायचं काम. माणसांशी बोलावं लागत नसे, म्हणून ते मला जमलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कुठे काही अडलं की भाची मला बोलावते. मी प्रत्येक वेळी सांगतो की माझ्याने होणार नाही, आणि प्रत्येक वेळी जातो.

तिन्ही बाटल्या एकाच कारखान्याच्या, एकाच घाण्याच्या, म्हणजे एकाच वेळी कालवलेल्या मालाच्या. बुडाला भरण्याचा क्रमांक उमटवलेला: बारा, एकतीस आणि अठ्ठावन्न. लेबलावर लिहिलं होतं, प्रत्येक कॅप्सूलमध्ये सेलेनियम शंभर मायक्रोग्रॅम.

सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? दिवसाला ग्रॅमचा वीस हजारावा भाग, इतकं. अन्नातून ते बहुतेकांना मिळतंच. रोज चारशे मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये म्हणतात. तसं महिनोन्‌महिने गेलं तर केस आणि नखं जातात, थकवा येतो, श्वासाला लसणासारखा वास येतो आणि मग नसांवर परिणाम होतो. तिघींपैकी एक कपडे शिवून पोट भरणारी होती. तिला आता बोटात सुई आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

जुन्या प्रयोगशाळेतल्या एकाने बाटल्या तपासून दिल्या. बारा नंबरच्या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये एक हजार दोनशे चाळीस. एकतीसमध्ये एक हजार दहा. अठ्ठावन्नमध्ये सातशे साठ.

"मामा, हे कोणीतरी घातलेलं आहे," भाची म्हणाली. "मी अन्न-औषध खात्याला कळवतेय. कारखाना कुठला ते वाच."

मी लेबल वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"ओळखीचा आहे," मी म्हणालो.

२

निवृत्तीनंतर वर्षभरातच या कारखान्याच्या जुन्या मालकांनी मला काही कामासाठी बोलावलं होतं. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा मालक झाला होता; मी येतोय हे त्याला फोनवर कळवलं होतं. वय चाळिशीचं, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"काका, बरं झालं तुम्हीच आलात," तो म्हणाला. "बसा. चहा सांगू?"

चहा यायच्या आतच त्याने एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला होता. 'मी, वजन विभागातील कर्मचारी, लिहून देते की माझ्या निष्काळजीपणामुळे सदर घाण्यात सेलेनियमचे प्रमाण दहापट अधिक पडले.' खाली सहीसाठी जागा. त्याखाली 'तपासून योग्य आढळले' आणि आणखी एका सहीसाठी जागा.

"ही दुसरी सही कोणाची?"

"तुमची. उद्या बारा वाजता इन्स्पेक्टर येतोय. त्याला कारण हवंय. वजनात चूक झाली, याहून सरळ कारण कुठलं? बाजारातल्या बाटल्या मी परत मागवतो, प्रकरण मिटतं."

"आणि त्या बाईंचं काय?"

"वकील मी देईन."

"म्हणजे तुरुंगाची वेळ येऊ शकते."

त्याने दोन्ही हातांनी डोळे चोळले. "काका, तीन बायका आजारी आहेत. कोणालातरी धरणारच ना? इथे सव्वीस माणसं काम करतात. एकीवर गेलं तर पंचवीस वाचतात. मला हे बोलताना बरं वाटतं असं समजू नका."

मला तसं वाटलं नाही. खोटं बोलणारा माणूस इतका दमलेला नसतो. त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

दारावर टकटक झाली. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई आत आल्या. पांढरा कोट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तो कागद तयार झाला असेल तर आणा," त्या म्हणाल्या. "सही करून टाकते."

३

"उद्या करा," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. "आधी मला तुमची खोली दाखवा."

वजनाची खोली म्हणजे खिडकी नसलेली चार पावलांची जागा. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत काटा. भिंतीला टेकून एकच स्टूल, ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"चूक झाल्याचं तुम्हाला आठवतं का?"

"नाही आठवत. पण चूक होताना कळली असती तर झालीच नसती ना?"

 मी काट्याकडे बघत राहिलो. मी गप्प बसलो की माणसं आपोआप बोलतात. हा माझा गुण नाही. मला पुढचा प्रश्न सापडत नाही, म्हणून तसं होतं.

"एका घाण्याला वीस ग्रॅम लागतं त्या औषधाचं," बाई म्हणाल्या. "मी तीनदा तोलते. मग तेवढ्याच साध्या भरणीच्या भुकटीत कालवायचं, मग त्याच्या दुप्पट भुकटीत, मग त्याच्या दुप्पट. असं नऊ वेळा. त्यानंतर मोठ्या मिक्सरमध्ये. चौदा वर्षं हेच करतेय. हात आपोआप चालतात."

"मग दहापट म्हणजे दोनशे ग्रॅम झाले असते. वाटीभर. तुम्हाला कळलं नसतं?"

"कळायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "पण त्या महिन्यात आमचे हे दवाखान्यात होते. मी तिथूनच सरळ कामावर यायची. एकदा घरी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पिऊनही टाकला. मग इथे काय केलं असेन, कोणी सांगावं? सगळे म्हणतायत मीच चुकले. पंचवीसजणांना एकदम भास होईल का?"

मी त्यांच्या जागी असतो तर कालच सही करून मोकळा झालो असतो. ज्याचा स्वतःवर भरवसा नसतो त्याला दोषी ठरवायला फार कष्ट लागत नाहीत. तो अर्धं काम स्वतःच करून ठेवतो.

"एक सोपं आहे," मी म्हणालो. "ज्या बरणीतून औषध काढलं ती बघू. दोनशे गेले असतील तर बरणीत तेवढी घट दिसेल."

"बरणी नाही."

"संपली?"

"बरीच भरलेली होती. पण ओल धरली म्हणून त्याच आठवड्यात नष्ट करायला लावली."

"कोणी?"

बाईंनी पलीकडच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. आतून एक तरुण मुलगी आमच्याकडेच बघत होती. माझी नजर जाताच तिने मान खाली घातली.

४

ती कारखान्याची केमिस्ट. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकही कागद तिरका नाही.

"ओल धरलेला माल ठेवायचा नाही असा नियम आहे, सर," ती मी विचारण्याआधीच म्हणाली. "मी नियमाप्रमाणे केलं. नोंद आहे."

"बरणीत किती उरलं होतं?"

"नष्ट करण्याआधी वजन करा असं नियमात नाही."

"या घाण्याची तपासणी तुम्ही केली होती?"

"दोनदा. नियमाप्रमाणे. मिसळून झाल्यावर एकदा. आणि परवा तक्रार आली तेव्हा राखीव बाटल्या काढून पुन्हा. दोन्ही मर्यादेत." तिने अहवाल काढून दिला. खरंच, तिथे 'मर्यादेत' असा शब्द लिहिला होता.

"म्हणजे राखीव बाटल्यांत जास्त नव्हतं?"

"अजिबात नाही. म्हणूनच मी मालकांना म्हटलं की कोणीतरी दुकानात गडबड केली असेल. पण ते ऐकायला तयार नाहीत."

मी उठायला लागलो. खरं सांगायचं तर मला निघायचंच होतं. तिच्यासमोर मला शाळेत उशिरा आल्यासारखं वाटत होतं. पण एकतीस वर्षं आकडे लिहिलेल्या माणसाला शब्द पुरत नाही.

"आकडा काय होता?"

"चारशेच्या आत."

"तो झाला मर्यादेचा आकडा. बाटलीचा?"

तिने टेबलावरचा अहवाल सरळ केला.   मग तिने ड्रॉवरमधून एक छोटी वही काढली, उघडली, आणि माझ्याकडे न देता स्वतःच वाचलं.

"बेचाळीस."

"शंभराऐवजी बेचाळीस?"

"हो." तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "मला वाटलं माझंच यंत्र बिघडलं. तीनदा केलं. सगळेजण जास्तीबद्दल ओरडत होते, तेव्हा कमी आहे हे कोण ऐकणार होतं? उलट मलाच धरलं असतं. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने आहेत, सर."

"आणि मिसळल्यावरचा आकडा?"

"अठ्ठ्याण्णव. तो बरोबर होता. शपथेवर सांगते."

"नमुना कुठून घेतला होता?"

"पिंपाच्या तोंडाशी, मिक्सरमधून काढल्याबरोबर. आणि राखीव बाटल्या भरणं संपताना शेवटच्या पेटीतून घ्यायच्या. नऊशे नव्व्याण्णव आणि हजार नंबरच्या. मी मनाने काही केलेलं नाही. हे बघा, नियमावलीत लिहिलंय."

तिने जाड रजिस्टर माझ्यासमोर ठेवून शेवटचं पान उघडलं. "अकरा वर्षांपूर्वीची आहे. लिहिणाऱ्याची सही कोणालाच वाचता येत नाही. तुम्हाला येते का बघा."

मला येत होती. ती माझीच होती.

५

बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर बसून मी मालकाने दिलेली त्या कागदाची प्रत उलटी केली आणि मागे आकडे मांडले.  

एका घाण्यात हजार बाटल्या भरतात. प्रत्येकीत शंभराच्या ताकदीच्या कॅप्सूल हव्यात. म्हणजे हजार गुणिले शंभर, एक लाख. हा सगळ्या घाण्याचा हिशेब.

आजारी बायकांच्या तिन्ही बाटल्या पहिल्या साठातल्या. एका पेटीत साठ बाटल्या मावतात आणि पहिली पेटी जवळच्या दुकानात जाते. म्हणून तिघी एकाच रस्त्यावरच्या. त्यांची सरासरी साधारण हजार. साठ गुणिले हजार, साठ हजार.

उरल्या नऊशे चाळीस बाटल्या. त्या राखीव बाटल्यांसारख्या, म्हणजे बेचाळीसच्या, असतील तर नऊशे चाळीस गुणिले बेचाळीस. एकोणचाळीस हजार आणि वर थोडे.

दोन्हींची बेरीज एक लाखाच्या जवळ आली. जवळ म्हणजे अगदी चिकटून.

मी पुन्हा केली. तेवढीच आली. भाचीला फोन लावला.

"कोणी काही घातलेलं नाही," मी म्हणालो. "जास्तीचं औषध घाण्यात नाहीच. वीस ग्रॅम पडायचं होतं, वीसच पडलं. पहिल्या साठ बाटल्यांत जे जास्त आहे ते बाकीच्यांच्या वाट्याचं आहे."

"म्हणजे नीट मिसळलं नव्हतं?"

"मिसळलं होतं. त्या वेळी अठ्ठ्याण्णव होतं. मिसळल्यानंतर आणि भरण्याच्या आधी ते हललं. पिंपाची झडप तळाशी असते, भरायला आधी तळातलं निघतं. म्हणजे औषध तळाशी जाऊन बसलं. पण आपोआप बसणार नाही. कशामुळे, ते मला माहीत नाही. आणि मी चुकतही असेन."

"मामा, 'मी चुकतही असेन' हे तू वाढदिवसाच्या शुभेच्छांनासुद्धा जोडतोस."

मी तिला नियमावलीतल्या सहीबद्दल सांगितलं. ती हसायची थांबली.

"तुझा नियम चुकीचा होता?"

"तेव्हा नव्हता. तेव्हा मिक्सर आणि भरायचं मशीन शेजारी शेजारी होते. इकडे मिसळलं की तिकडे भरलं. मधे काही घडायला जागाच नव्हती. म्हणून मी भरण्याच्या सुरुवातीचा नमुना घ्यायला सांगितलाच नाही. सुरुवातीची एक बाटली कोणी तपासली असती, तर ती पेटी दुकानात गेली नसती."



"ती शिवणारी आज पुन्हा आली होती," भाची म्हणाली. "विचारत होती, बोटं परत येतील का. मी म्हटलं, हळूहळू येतील. येतील ना, मामा?"

"बहुतेकांची येतात," मी म्हणालो. याहून जास्त मला सांगता येण्यासारखं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच मी कारखान्यात पोचलो. भरायचं मशीन कुठे आहे विचारलं, तर अंगणापलीकडच्या नव्या शेडकडे पाठवलं. वर पत्रा, खाली सिमेंट, सकाळीच अंगाला चटका बसेल असा उकाडा. मशीन चालवणाऱ्याला सगळे दादा म्हणत. वजनदार माणूस, कपाळाला रुमाल बांधलेला.

"या साहेब, पंख्याखाली बसा," त्यांनी खुर्ची ओढली. "इथे पंखा नसता तर आम्ही सगळे कॅप्सूलमध्येच भरले गेलो असतो. सुकून."

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मला बरं वाटलं. पण पायांखालची जमीन बारीक थरथरत होती.

"हे काय हलतंय?"

"थरथरी हो. पिंपाला लावलेली मोटर. पावडर अडकू नये म्हणून हलवत राहते."

"पण मशीन तर अजून बंद आहे."

"पंखा चालू केला ना! दोन्हींचं बटण एकच आहे. शेड नवी केली तेव्हा वायरमनने घाईत एकाच तारेवर जोडून दिलं. मालकांना म्हटलं होतं वेगळं करून द्या. ते म्हणाले, बघू."

मी दादांना बटण बंद करायला सांगितलं. पंखा मंदावला आणि जमिनीची थरथर थांबली. पुन्हा चालू करायला लावलं. थरथर सुरू. दादा माझ्याकडे काळजीने बघत होते. म्हाताऱ्याला ऊन लागलं असं त्यांना वाटलं असावं.

"दादा, त्या घाण्याच्या दिवशी काय झालं होतं? आठवेल तसं सांगा."

"काही नाही झालं. म्हणजे भरायला सुरुवात करणार, तेवढ्यात मशीनचा पट्टा तुटला. नवा आणायला माणूस गेला तो चार तासांनी आला. तोवर आम्ही चौघं इथेच बसलो होतो."

"पिंप जोडलेलं होतं?"

"जोडलेलं, भरलेलं. झडप तेवढी बंद."

"आणि पंखा?"

"म्हणजे काय साहेब! भर दुपारी चार तास. पंखा बंद ठेवून कोण बसेल?"

७

अकरा वाजता मालकाच्या खोलीत पाचजण होतो. मालक, वजन करणाऱ्या बाई, केमिस्ट मुलगी, दादा आणि मी. टाइप केलेला कागद टेबलावर तसाच होता. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून येताना मी काचेची एक बरणी घेऊन आलो होतो. बोलायचं काम तिने करावं असा विचार होता.

"हा घाणा आधीच्यांपेक्षा वेगळा कसा होता?" मी मालकाला विचारलं. "भुकटी बदलली होती का?"

"हो. आधीची पिठासारखी होती, ती नव्या मशीनमध्ये तुंबायची. म्हणून रवाळ घेतली. या घाण्यापासूनच. त्यात काय एवढं? भुकटी निरुपद्रवी आहे."

"भुकटी निरुपद्रवीच आहे."

बरणीत मी ती रवाळ भुकटी घेतली होती आणि कॅप्सूलला द्यायचा बारीक लाल रंग चिमूटभर. सगळ्यांसमोर चमच्याने पाच मिनिटं कालवलं. सगळीकडे सारखा फिका गुलाबी रंग आला. मग दादांना म्हटलं, "ही पिंपावर ठेवा आणि पंखा लावून या."

अर्धा तास वाट बघितली. मालकाने दोनदा घड्याळ बघितलं. मला मधेच वाटलं, काहीच होणार नाही. रंग तसाच राहील, मी माफी मागून घरी जाईन आणि या बाई सही करतील. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच संपलेल्या आहेत.

दादा बरणी घेऊन आले. दोन्ही हातांत धरलेली, सांडेल अशा भीतीने. वरची भुकटी जवळजवळ पांढरी झाली होती. तळाला बोटभर लाल थर होता.

"कण जाड असले की त्यांच्या मधे फटी राहतात," मी म्हणालो. "बारीक आणि जड औषध त्या फटींतून खाली उतरतं. पिठासारखी भुकटी असती तर अडकून राहिलं असतं. थरथरी नुसती भरण्यापुरती चालली असती, तरी एवढं झालं नसतं. पण जाड भुकटी आणि चार तासांची थरथर एकाच दिवशी आली. मिसळताना अठ्ठ्याण्णव होतं, म्हणजे यांचं वजनही बरोबर होतं आणि कालवणंही. पहिल्या साठ बाटल्यांत तळ गेला. शेवटच्या बाटल्यांत उरलंसुरलं."

केमिस्ट मुलगी एकदम उठली. "आज सकाळी नवं पिंप जोडलंय," ती म्हणाली आणि धावत बाहेर गेली. तिच्या पाठोपाठ दादाही. जाता जाता ते पुटपुटले, "पंख्यापायी! काय म्हणावं याला."

मालक बरणीकडे बघत होता. मग सावकाश म्हणाला, "काका, मी भुकटी बदलली. बटण मी वेगळं करून दिलं नाही. मान्य. पण सुरुवातीची बाटली तपासा असं कुठेच लिहिलेलं नाही. ज्याने नियम लिहिले त्याने लिहिलं नाही. शेवटच्याच बाटल्या ठेवा म्हणाला. इन्स्पेक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल."

"हो."

"बाबांच्या वेळचं आहे. सही कोणाची ते मला माहीत आहे." त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तो मला वाट दाखवत होता. "अजून वीस मिनिटं आहेत. वजनात चूक झाली म्हटलं तर नियमावली कोणी उघडणारसुद्धा नाही. तुमचं वय काय, तुमची प्रकृती काय. कशाला या वयात?"

खरं सांगतो, तो जे म्हणाला ते मी एक क्षण मनात धरून बघितलं. घरी जाता येईल. अर्धं राहिलेलं पुस्तक आहे. एकतीस वर्षांत माझ्या नावापुढे कोणी लाल रेघ मारलेली नाही.

वजनाच्या बाई स्टुलाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघितलं तेव्हा कळलं की मी काय ठरवतो याची त्या वाटच बघत नव्हत्या. दोष आपल्यावरच येणार हे त्यांना ठरलेलंच वाटत होतं.

मी कोरा कागद मागितला. पहिल्या ओळीत लिहिलं की नमुने घेण्याचा नियम मी तयार केला होता आणि तो अपुरा होता. मशीन दुसरीकडे हलवल्यावर तो बदलायला हवा, अशी सूचना मी लिहून ठेवली नव्हती. दुसऱ्या ओळीत भुकटी. तिसऱ्या ओळीत बटण. मग सगळे आकडे, बेरजेसकट. खाली नाव लिहिलं. या वेळी वाचता येईल असं.

"तुम्ही हे का करता?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच समजत नव्हतं. "मला तर अजून वाटतं, कुठेतरी माझंच..."

"बेरीज तुम्ही स्वतः करून बघा," मी म्हणालो आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ओठ हलत होते. साठ हजारांपाशी थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा खाली आल्या. त्यांना तोलल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नव्हती. दुसऱ्यांदा खालपर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कागद सावकाश माझ्याकडे सरकवला.

इन्स्पेक्टर आला. तरुण होता, उन्हातून आलेला, वैतागलेला. त्याने माझा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. "हे गंभीर आहे, आजोबा," तो म्हणाला. "तुम्हाला बोलावणं येईल. कदाचित बऱ्याचदा."

"येईन," मी म्हणालो.

मग त्याने टेबलावरचा टाइप केलेला कागद उचलला. "आणि हे? यात तर या बाईंनी कबूल केलंय की दहापट पडलं. सही नाही अजून. बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

मालक खिडकीबाहेर बघत होता. बाई उठून उभ्या राहिल्या. चौदा वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नसावं, कारण उत्तर द्यायला त्यांना फार वेळ लागला.

"मी वीस ग्रॅम तोललं होतं," त्या म्हणाल्या. "तीनदा."

"नक्की?"

"नक्की."

"मग हे लिहून द्या," इन्स्पेक्टर म्हणाला आणि पेन पुढे केलं.

त्यांनी टाइप केलेला कागद बाजूला सारला, कोरा घेतला, आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या.